दंडाचा कागद

आज आपण एका लहानशा कागदाविषयी बोलू. हा कागद सरकारी असतो. त्यावर नाव असते, गाडीचा नंबर असतो, तारीख असते आणि एक आकडा असतो. आकडा कधी पाचशेचा, कधी हजाराचा. हा दंडाचा कागद. हल्ली तो हातात येतो, तसा मोबाईलवर निरोप होऊनही येतो. त्याला चलान म्हणतात.

असा कागद घरी आला की पुष्कळ ठिकाणी काय होते? तो खिशात जातो. खिशातून कोनाड्यात जातो. "बघू पुढं," असे म्हणून माणूस कामाला लागतो. कागद पिवळा पडतो. माणूस विसरतो. पण ज्याने कागद दिला तो विसरत नाही. दप्तरातला आकडा जागचा हलत नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा, मुलाचे पत्र वाचा. पण असा कागद आला तर तो सगळ्यांच्या आधी वाचा. का, ते आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट. दंड म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. कायद्याने एक नियम केला. तो आपल्याकडून मोडला गेला. मोठा गुन्हा नव्हे, लहान चूक. तिच्याबद्दल कायद्याने ठरवलेली रक्कम आपण सरकारात भरतो, आणि सरकार आपल्याला पावती देते. पावती मिळाली की प्रकरण मिटले. म्हणून हे पक्के ध्यानात ठेवा. दंड म्हटला की पावती हवी.

रस्त्यावर कोणी म्हणेल, "शंभर द्या आणि जा." ते शंभर रुपये म्हणजे दंड नव्हे. ती लाच. ती घेणे गुन्हा आहे आणि देणेही गुन्हा आहे. शिवाय चलान आधीच फाटलेले असेल, तर ते दप्तरात तसेच राहते. शंभर गेले आणि दंडही राहिला.

आता गाडीचे नियम पाहू. गावात आज घरोघरी मोटारसायकल आहे. शेतात जायला गाडी, दूध घालायला गाडी, बाजाराला गाडी. त्यासाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाचे आकडे वाढले. त्या दुरुस्तीप्रमाणे लायसन नसताना गाडी चालवली, तर ५,००० रुपये दंड सांगितला आहे. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हेल्मेट नसेल, किंवा एका मोटारसायकलवर तिघे बसले असतील, तर १,००० रुपये. आणि वर लायसन तीन महिने बंद. काही चुका अशा असतात की त्या जागच्या जागी तडजोडीने मिटतात. त्यांच्या रकमा राज्य सरकार ठरवते, आणि त्या कमीही असू शकतात. पण दारू पिऊन गाडी चालवली, तर त्यासाठी कोर्टातच उभे राहावे लागते.

लायसन तीन महिने बंद म्हणजे काय, हे ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला विचारा. कुणाचा टेम्पो आहे, कुणाची रिक्षा आहे. त्याला हजार रुपयांचे एवढे दुःख नाही. तीन महिने घरी बसण्याचे दुःख मोठे.

कोणी म्हणतो, "हे सगळे नियम आपल्यालाच. पोलिसांना कोण विचारतो?" तसे नाही. ज्यांनी हा कायदा पाळायला लावायचा त्यांनीच तो मोडला, तर त्यांना दुप्पट दंड, असे त्याच कायद्यात लिहिले आहे.

पूर्वी पोलीस पावतीपुस्तक घेऊन उभा असे. आता त्याच्या हातात यंत्र असते. मोठ्या रस्त्यांवर खांबावर कॅमेरे असतात. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. त्या नंबरावरून मालकाचे नाव निघते, आणि मालकाच्या मोबाईलवर निरोप जातो. आपण घरी पोचलेले असतो. आपल्याला कोणी अडवलेले नसते. तरी दंड झालेला असतो.

इथे एक मेख आहे. निरोप कोणत्या मोबाईलवर जातो? जो नंबर आरटीओच्या दप्तरात आहे, त्यावर. गाडी घेताना दुकानदाराने स्वतःचा नंबर घातला असेल. आपले जुने कार्ड बंद पडले असेल. मग निरोप येतो आणि वाऱ्यावर जातो. आपल्याला वाटते, दंड झालाच नाही. म्हणून ज्याच्या घरी गाडी आहे त्याने आरटीओच्या दप्तरात आपला चालू नंबर आहे का, हे पाहून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. दंड भरला नाही तर काय होते?

आधी काहीच होत नाही. इथेच माणूस फसतो. महिना जातो, दोन महिने जातात, कोणी दारात येत नाही. वाटते, सुटलो. मग एके दिवशी गाडी विकायची वेळ येते. मुलीचे लग्न असते, नाहीतर दवाखान्याचा खर्च असतो. गिऱ्हाईक ठरते. गाडी त्याच्या नावावर करायला आरटीओत जावे, तर तिथे सांगतात, "आधी जुनी चलाने भरा." एक नाही, पाच निघतात. नडीच्या वेळी पैसे हवे होते, तिथे द्यायची वेळ येते.

हे झाले दप्तरातले. दुसरी वाट कोर्टाची आहे. चलान भरले नाही की प्रकरण कोर्टात जाऊ शकते. त्याच्या आधी पुष्कळदा लोकअदालतीची नोटीस येते. महाराष्ट्रात २०२१ पासून थकलेल्या चलानांसाठी अशा नोटिसा मोबाईलवर पाठवल्या गेल्या आहेत. लोकअदालत म्हणजे तडजोडीचे कोर्ट. तिथे कोर्ट फी नसते. वकील लागतोच असे नाही. एका बैठकीत प्रकरण मिटते आणि त्यावर पुन्हा अपील नसते. ही नोटीस म्हणजे संकट नव्हे. ती सुटकेची वाट आहे. पण तिलाही माणूस भितो आणि जात नाही.

मग कोर्टाचे समन्स येते. समन्स म्हणजे बोलावणे. "अमुक तारखेला हजर राहा." त्या तारखेला गेले नाही, तर कोर्ट वॉरंट काढू शकते. वॉरंट म्हणजे धरून आणण्याचा हुकूम. पहिले वॉरंट बहुधा जामीनपात्र असते. म्हणजे जामीन दिला की पोलीस सोडतात. तरीही माणूस तारखेला गेला नाही, तर पुढचे वॉरंट अजामीनपात्र निघू शकते. मग पोलीस धरून कोर्टापुढे नेतात, आणि सोडायचे की नाही ते कोर्ट ठरवते. पाचशे रुपयांची गोष्ट, आणि घरापुढे पोलिसांची गाडी. म्हातारी आई दारात उभी. शेजारी बघताहेत. त्यांना काय ठाऊक की हे हेल्मेटचे प्रकरण आहे?

आपल्याकडे एक म्हण आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खरी आहे. पण ती भांडणाविषयी आहे. बांधाच्या हातभर जमिनीसाठी वीस वर्षे भांडू नये, एवढाच तिचा अर्थ. कोर्टाने बोलावले असता घरी बसावे, असे ती म्हण सांगत नाही. बोलावल्यावर वेळेवर ती पायरी चढणे, यातच शहाणपण आहे.

आम्ही शाळेत मुलांना गणित घालत असू, तसे एक गणित घालू. दंड ५०० रुपये. माणसाने तो भरला नाही. पुढे कोर्टाच्या कामासाठी तालुक्याला चार खेपा झाल्या. दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली, ती ४०० रुपये धरा. गाडीभाडे आणि चहापाणी १०० रुपये धरा. एका खेपेचे झाले ५००. चार खेपांचे २,०००. आणि मूळचे ५०० भरावे लागले ते वेगळेच. एकूण २,५००. वकिलाची फी आपण धरलीच नाही. दंडावर व्याज चढले नाही, तरी पाचशेचे अडीच हजार झाले. व्याज सरकारने घेतले नाही. ते आपल्याच आळसाने घेतले.

कोर्टाने दंडाची शिक्षा दिली आणि तीही भरली नाही, तर पुढे काय? १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात लिहिले आहे की, ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे, त्यातही दंड न भरल्यास साधी कैद देता येते. दंड ५,००० रुपयांपर्यंत असेल तर दोन महिन्यांपर्यंत. १०,००० पर्यंत असेल तर चार महिन्यांपर्यंत. त्याहून मोठा असेल तर एक वर्षापर्यंत. कोर्टाला घरातली चीजवस्तू जप्त करून विकण्याचा हुकूम देता येतो. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला कलेक्टरला सांगता येते. शिक्षा झाल्यापासून सहा वर्षांपर्यंत ही वसुली होऊ शकते. माणूस मेला, तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा बोजा जात नाही. बघा, बापाने कोनाड्यात टाकलेला कागद लेकराच्या वाटणीत येतो.

हे ऐकून घाबरू नका. कायद्याला दुसराही हात आहे. तो सांभाळणारा हात आहे. त्याची माहिती नसते म्हणून गरीब माणूस जास्त भोगतो.

एक. कोर्टाने नुसत्या दंडाची शिक्षा दिली, आणि न भरल्यास कैद असे म्हटले. खिशात पैसे नाहीत. तर हात जोडून उभे राहू नका. सरळ सांगा, "साहेब, मुदत द्यावी, नाहीतर हप्ते करून द्यावेत." कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. दोन किंवा तीन हप्तेही करून देऊ शकते. मागितले तर मिळण्याचा संभव असतो. न मागता कोण देणार?

दोन. दंड न भरल्यामुळे कैद सुरू झाली, तरी पैसे भरताच ती संपते. काही भाग भरला तर त्या मानाने कैद कमी होते. समजा, १,००० रुपये दंड आणि न भरल्यास एक महिना कैद. घरच्यांनी ५०० भरले, तर निम्मी कैद भोगून माणूस सुटतो.

तीन. वकील द्यायला पैसे नसतील, तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीची कचेरी विचारा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे सगळ्या स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना, अपंगांना, कामगारांना, पूर आणि दुष्काळाने पोळलेल्यांना, कैदेत असलेल्यांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट वकील मिळतो. ही मेहेरबानी नव्हे. हा हक्क आहे.

चार. केवळ दंडाचे पैसे नाहीत म्हणून तुरुंगात अडकलेले गरीब कैदी असतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली. जिल्ह्याची समिती पाहणी करते, आणि २५,००० रुपयांपर्यंतचा दंड सरकार भरू शकते. कुणाच्या घरी असा प्रसंग असेल, तर त्यांना हे सांगा.

आणि दंडच चुकीचा असेल तर? तसेही होते. आपली गाडी गोठ्यात उभी होती, आणि चलान पुण्याचे आले. नंबर वाचण्यात चूक झाली असेल, किंवा कुणी आपला नंबर आपल्या गाडीवर लावून फिरत असेल. चलानाबरोबर बहुधा फोटो असतो. तो नीट पाहा. गाडी आपली नाही असे दिसले, तर गप्प बसू नका. वाहतूक पोलिसांच्या कचेरीत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नंबर चोरला गेला असे वाटले, तर पोलीस ठाण्यात कळवा. कोर्टातही "मला कबूल नाही" असे सांगता येते. चुकीचा दंडही कोनाड्यात टाकला, तर पुढे तो बरोबर ठरतो.

आता गावात फार घडणारी एक गोष्ट. समजा, एकाने आपली जुनी फटफटी मेहुण्याला विकली. घरातलाच माणूस, म्हणून कागद केला नाही. मेहुण्याने ती दुसऱ्याला विकली. तो दुसरा शहरात फिरतो, सिग्नल तोडतो. चलाने कोणाला? पहिल्या मालकाला. दप्तरात नाव त्याचेच आहे ना! हे चलानापुरतेच थांबत नाही. अपघात झाला, तर भरपाईही दप्तरातल्या मालकाकडून मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले आहे. गाडी हातातून गेली तरी नाव बदलेपर्यंत जबाबदारी जात नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. मेहुणा असो की व्याही असो. नाते नात्याच्या जागी, कागद कागदाच्या जागी.

आणखी एक. दहावीतला पोरगा गाडी घेऊन तालुक्याला जातो, आणि आईबाप कौतुकाने बघतात. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गाडीच्या नियमाचा गुन्हा केला, तर कायदा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पुढे त्याला ड्रायव्हरची नोकरी मिळायची असेल, तर आज किल्ली खुंटीवर राहू द्या.

गाडी नाही अशा घरालाही दंड होतो. रेल्वेत तिकीट नसले, तर भाडे आणि वर जादा रक्कम भरावी लागते. ती द्यायला नकार दिला, तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाते. तिथेही न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र बायकांनी एक लक्षात ठेवावे. बाई किंवा लहान मूल एकटे असेल, तर तिकीट नाही म्हणून वाटेल त्या स्टेशनवर त्यांना उतरवता येत नाही. जिथून बसले ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण, इथेच उतरवता येते. आणि तेही दिवसाउजेडी.

गुरे कुणाच्या पिकात शिरली, तर ती कोंडवाड्यात जातात. फी आणि चाऱ्याचा खर्च भरून ती लगेच सोडवून आणावीत. दर दिवसाला चाऱ्याचा खर्च वाढतो. मुदतीत मालक आलाच नाही, तर जनावराचा लिलाव होतो. थोड्या पैशांसाठी दुभती गाय जायची.

हे झाले भरायचे दंड. आता न भरायचे दंड सांगतो.

जातीचे पंच बसतात. अमक्याच्या मुलीने परजातीत लग्न केले, म्हणून एवढा दंड. तमक्याने पंचांचे ऐकले नाही, म्हणून एवढा दंड. भरला नाही तर वाळीत टाकू, अशी धमकी. मंडळी, हा दंड नव्हे. पंचांना कायद्याने असा अधिकार दिलेला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला आहे. तो २०१७ साली लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. असा दंड कोणी मागितला तर पोलीस ठाणे गाठा.

दुसरा खोटा दंड मोबाईलवर येतो. "तुमचे चलान थकले आहे, ही फाईल उघडा," असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. फाईल उघडली की बँकेतले पैसे जातात. सरकार दंडासाठी व्हॉट्सॲपवर अशी फाईल उघडायला सांगत नाही. निरोप आला की घाई करू नका. त्यात गाडीचा नंबर आपला आहे का, जागा कोणती, तारीख कोणती, ते वाचा. मग वाहतूक पोलिसांकडे जाऊन विचारा, किंवा सरकारी संकेतस्थळावर जाणत्या माणसाकडून पाहून घ्या. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती नसली तर पैसे भरू नका.

तेव्हा कागद आला की काय करायचे? पाच गोष्टी पाहायच्या. कोणी पाठवला? कशाबद्दल? रक्कम किती? शेवटची तारीख कोणती? जायचे कुठे? कळले नाही तर वर्गात घेऊन या, आपण मिळून वाचू. भरायचा असेल तर मुदतीत भरा. कबूल नसेल तर मुदतीत तक्रार करा. पैसे नसतील तर मुदत मागा. पण यांपैकी काहीतरी करा. आणि पावती मिळाली की ती रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

सही करता आली की माणूस म्हणतो, "मी शिकलो." सही म्हणजे सुरुवात आहे. कुठे सही करतो, कशावर करतो, आपल्याला कोण काय लिहिते आहे, हे ज्याला कळते तो खरा साक्षर. अंगठ्याच्या दिवसांत कागदाला भिऊन तो कोनाड्यात टाकावा लागे. आता तुम्हाला अक्षरे येतात. कोनाड्यातले जुने कागद आज रात्री खाली काढा, दिव्यापाशी बसा, आणि एकेक वाचून पाहा.